धोंड्याच्या महिन्यातलं लग्न

लोहा
२० एप्रिल १९८८

चि. रामकिशन यास,
अक्काचा सप्रेम जयभीम.

लातूरहून पंचशीलाच्या लग्नाचा बस्ता बांधून आणला त्याला दहा दिवस झाले. आम्ही सुखरूप पोहोचलो का, कपड्यांचं गाठोडं एसटीच्या टपावरून पडलं का, एवढं तरी विचारायचं होतंस. कार्ड टाकू नकोस, घरमालक आधी वाचतो असं तू म्हणाला होतास, म्हणून पाकीट आणून लिहिते आहे. तुझा घरमालक भलताच वाचनवेडा दिसतो. पाकीट महाग पडतं, तेव्हा पत्रही लांबच लिहिणार.

कपडे सगळ्यांना आवडले. आईनं तिचं लुगडं गल्लीभर दाखवलं. 'माज्या रामकिशननं दुकान दावलं, लई मोठं दुकान हाय,' असं ज्याला त्याला सांगून राहिली आहे. तिला मी काही बोलले नाही. दुकान तू दाखवलंस हे खरं, पण नंतर तासभर बाहेर चहाच्या गाड्यावर जाऊन बसलास हेही खरं. नवरीची पांढरी साडी इथं घेऊ नकोस, ती नांदेडहून आण, असं तू माझ्या कानात सांगितलंस. एका साडीसाठी वेगळी खेप कशाला, म्हणून मी तिथंच मागितली, आणि तू उठून गेलास. दुकानदार ईश्वरप्पा शेठनं विचारलं, 'नवरीला पांढरी?' मी म्हटलं, आमच्यात पांढरीच असते. त्यानं काढून दिली, कापडही चांगलं दिलं. यात तुला घाम फुटण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

आता मुद्द्याचं. शिवकन्या वस्त्रालयाच्या दारावर केवढा तरी बोर्ड लावलेला आहे, तूच वाचून दाखवलास. 'लग्नसराईची भेट. पूर्ण बस्ता बांधणाऱ्यास दोनशे लिटरची जस्ती टाकी मोफत. लग्नपत्रिका दाखवून न्यावी.' त्या टाकीसाठीच तू आम्हाला लातूरला बोलावलंस, नाहीतर नांदेड आम्हाला जवळ. नवा जिल्हा, नवी दुकानं, माझी ओळख आहे, असं तू म्हणालास आणि आम्ही आलो.

इथं पाण्याचे हाल आहेत. टँकर दिवसाआड येतो असं सांगतात, पण येतो तेव्हा येतो. ज्याच्या घरी मोठं भांडं त्याच्या घरी पाणी, बाकीच्यांनी घागरी घेऊन भांडायचं. बावीस मेला दोनशे माणूस जेवणार. टाकी मिळाली तर आठवडाभर आधीपासून साठवता येईल, नाहीतर वऱ्हाडाला नुसत्या जिलब्या खाऊ घालून तहानलेलं परत पाठवावं लागेल. पत्रिका सोबत आहे. ती दाखवून टाकी सोडवून घे आणि अहमदपूरकडून येणाऱ्या एखाद्या टेम्पोत टाक. पत्रिकेत मामा म्हणून तुझं नाव मोठ्या अक्षरात छापून घेतलं आहे, तुझ्या कचेरीसकट. आईचा तसा हट्टच होता.

वहिनीला आणि लेकरांना आशीर्वाद.

तुझी अक्का
सुमन


लोहा
३ मे १९८८

चि. रामकिशन यास,
जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. मी पाकिटातून लिहायचं आणि तू कार्डावर, असा हा न्याय आहे. आमच्या दारी कुणी वाचलं तर तुझं काही बिघडत नाही, असाच ना त्याचा अर्थ?

तू लिहितोस, दुकानदार म्हणतो की बावीस मे अधिक महिन्यात येते. पंधराला अमावस्या, सोळापासून धोंडा लागतो, आणि धोंड्याच्या महिन्यात लग्नं होत नाहीत, म्हणून लग्नसराई अमावस्येला संपली. टाकी मिळणार नाही. इथवर ठीक आहे, त्याचं दुकान, त्याचं तोंड. पण पुढं तू तुझ्या पदरचं लिहिलंस. 'जमलं तर तारीख आठ दिवस अलीकडे घे, नाहीतर विषय सोड.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. अरे, आपल्या दादांच्या, ग्यानोबाच्या पोराला हे लिहिताना हात कसा धजावला?

तू लहान होतास म्हणून तुला सांगते. आपल्या आत्याच्या लग्नाच्या वेळी आजोबा तिथी विचारायला गेले होते. जोशी ओट्यावर बसलेला आणि आजोबा अंगणाच्या बाहेर, रस्त्यावर. तिथून त्यानं तिथी ओरडून सांगितली, तीही अशी की मालकाच्या सुगीला आडवी येऊ नये. दादा त्या वेळी आजोबांच्या मागं उभे होते. छप्पन सालानंतर दादांनी विचारणं बंद केलं, आणि एवढ्यावर थांबले नाहीत. ज्या दिवशी गावात कुणाचं लग्न नसेल तोच दिवस आपला, असा त्यांनी नेम केला. वाजंत्री रिकामे, मंडपवाला रिकामा, भांडी रिकामी, आचारी हात जोडून दारात हजर. माझं लग्न त्यांनी भर पितृपंधरवड्यात लावलं. अख्खं गाव बघायला लोटलं, कुणाच्या डोक्यावर काय कोसळतं ते. कोसळलं काहीच नाही. तू जिलबी जास्त खाऊन ओकलास, तेवढंच काय ते अरिष्ट.

बावीस मे आम्ही तशीच धरली. रविवार आहे. शाळांना सुट्टी आहे, नवरदेव शिक्षक, मी शिक्षिका, निम्मे पाहुणे शिक्षक. कार्यालय धोंड्यामुळं ओसाड पडलं होतं, मालकानं आपणहून बोलावून दिलं. यात खोट कुठं आहे? बोर्डावर पंचांगाचं नाव नाही, अमावस्येचं नाव नाही. लग्नसराई आहे, बस्ता आहे, पत्रिका आहे. तू दिवसभर कचेरीत दुसऱ्याच्या अर्जातल्या अटी वाचून दाखवतोस, एक अट बहिणीसाठी वाचता येत नाही?

टाकी गेली खड्ड्यात, असं म्हणणार होते. पण म्हणवत नाही, पाणी लागतंच. आणि आता तेवढंच राहिलेलं नाही. माझ्या लेकीचं लग्न हे लग्न आहे की नाही, हे त्या माणसानं ठरवायचं आणि तू मान हलवायची? जा आणि त्याला विचार. सरळ सांग की आम्ही धोंडा पाळत नाही.

अक्का


लोहा
१० मे १९८८

चि. रामकिशन,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

टाकी आली! काल दुपारी टेम्पो दारात येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हरनं हाक दिली, 'लातूरच्या सायबानी धाडली हाय, मामाचा आहेर म्हणून सांगा म्हणले.' आई अनवाणी बाहेर धावली, पाय भाजले तरी कळलं नाही तिला. टाकीवरून हात फिरवत राहिली. 'बग, बग, मी म्हणलं न्हवतं? रक्त हाय त्ये. उशीर करंल, पर करंल.' पंचशीलानं ती धुऊन न्हाणीपाशी ठेवली आणि तोटी दहा वेळा उघडून बघितली, आत थेंब नसताना.

मागच्या पत्रात मी तुला फार टोचून बोलले. तू गेलास, भांडलास, टाकी घेतलीस, आणि वर आपलं नाव मोठं न करता आहेर म्हणून पाठवलीस. मला फार बरं वाटलं रे. रात्री यांना म्हटलं, आमच्या दादांचं पाणी आहे त्याच्यात.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून विचारते. ड्रायव्हर चहा पिताना म्हणाला, 'चौदा तारकंचं लगीन हाय म्हणून शेठनं घाईनं भरून दिली, न्हाईतर उद्याच निगणार व्हतो.' मी म्हटलं, बावीस. तो म्हणाला, 'न्हाई बाई, चौदाच. दुकानात समदे चौदाच म्हणून राहिले.' त्याच्या ऐकण्यात चूक झाली असेल. पण त्याला चौदा कुणी सांगितली, ते मला कळव. उलट टपाली कळव.

अक्का


लोहा
१६ मे १९८८

रामकिशन,

तुझं उत्तर आलं नाही, तेव्हा उत्तर काय ते मला कळलं. शनिवारी, चौदा तारखेला, मी लातूरला आले होते. म्हटलं, तू ठरवलेल्या लग्नाचा दिवस आहे, बघावं तरी कसं लागतं. टाकी एसटीच्या टपावर बांधून आणली. तुझे भावजी म्हणत होते, 'राहू दे ना, पाण्याला काय तारीख कळते?' गडी शहाणा आहे, त्याच्या म्हणण्यात तथ्यही होतं. पण ती टाकी चौदा तारखेच्या लग्नाला दिलेली होती, आणि माझ्या घरी चौदाला लग्न नव्हतं. ती ठेवून घेतली असती तर तुझ्या बरोबरीनं मीही म्हटल्यासारखं झालं असतं की बावीसचं लग्न खोटं.

तुझ्या घरी आले नाही. सरळ दुकानात गेले. दुकान भरलेलं होतं, शेवटच्या घाईचे बस्ते चालले होते. ईश्वरप्पा शेठनं मला ओळखलं.

'या ताई. आज लगीन ना तुमचं? अन् तुमी हितं?'

मी म्हटलं, 'लग्न बावीसला आहे. टाकी परत आणली.'

'का ओ? गळाली का?'

'गळाली नाही. चौदा तारखेची म्हणून दिलीत. ती परत घ्या आणि बावीसची म्हणून द्या.'

तो हसला. वाईट माणूस वाटला नाही मला तो, खरं सांगते. गिऱ्हाइकाला समजवावं तसं समजावत होता. म्हणाला, 'ताई, आसं कुठं आसतंय का? धोंड्यात लगीन नसतंय. समद्या जगाला मालूम हाय.'

'बोर्डावर तसं लिहिलेलं नाही.'

'आता बोर्डावर काय काय लिवू? गिऱ्हाइकानं चप्पल भाईर काढावी, भाव करू ने, धोंड्यात लगीन करू ने, समदं लिवू?' बस्त्याला आलेल्या बायका हसल्या. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर.

मी म्हटलं, 'शेठ, आम्ही धोंडा पाळत नाही. कपडे फाडून दिलेत तेव्हा तुम्ही तिथी विचारली नाहीत. पावती केलीत तेव्हा विचारली नाहीत. टाकी द्यायच्या वेळीच पंचांग कुठून निघालं?'

इथं त्याचा आवाज चढला. 'ह्ये बगा, तुमी धोंड्यात करा, पितरात करा, आमचं काय म्हणणं न्हाई. पर त्याला लगीन म्हणू नका. त्यो तुमचा कार्यक्रम हाय. माजी भेट लग्नाला हाय, कार्यक्रमाला न्हाई.'

रामकिशन, माझा हात उठणार होता. बावीस वर्षं पोरांना शिकवते आहे, एवढा राग कधी आला नव्हता. तेवढ्यात तो पुन्हा मऊ झाला आणि म्हणाला, 'तुमच्यासाटी तर सायबानी शबुद टाकला. आदी बावीस बोलले, मी न्हाई म्हणलं. दुसऱ्या दिशी आले, म्हणले शेठ, चौदाच हाय. आमच्या गावची मानसं हाईत, अडाणी हाईत, घरात वाचणारं कुणी न्हाई, तारखेत गफलत केली. एवड्या मोठ्या मानसानं तुमच्यासाटी सांगितलं म्हणून पत्रिका बी न बगता टाकी दिली. अन् तुमी ती परत आणून राहिल्या.'

आमच्या गावची माणसं! अडाणी! तुझी पहिली पाटी मी तुझ्या हातात दिली होती. पण ते जाऊ दे.

मी पिशवीतून पत्रिका काढली आणि गादीवर ठेवली. तारीख दाखवायला ठेवली, दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. त्यानं चष्मा लावला आणि वरून वाचायला लागला, मोठ्यानं. बावीस मे वाचलं, त्रिशरण पंचशील वाचलं आणि खाली गेला. 'मुलीचे मामा, रामकिशन ग्यानोबा सूर्यवंशी, कलेक्टर कचेरी, लातूर.' तिथं थांबला. मान वर केली.

'ह्ये आपले सायेब?'

नावं सारखी असू शकतात. दुसरा कुणी असेल असं मला म्हणता आलं असतं, आणि त्यानं ते मानलंही असतं, त्याला मानायचंच होतं. मी म्हटलं, 'माझा पाठचा भाऊ.'

तो एक शब्द वाकडा बोलला नाही. पत्रिकेची घडी घातली, परत दिली. टाकी आत घ्यायला सांगितली. मी विचारलं, 'मग बावीसची?' तर माझ्याकडे न बघता मुनीमाला म्हणाला, 'मेव्हण्याला सांगावं लागंल.' कुणाचा मेव्हणा आणि त्याला काय सांगायचं, मला कळलं नाही. टाकी आत गेली ती गेलीच. मी रिकाम्या हातानं संध्याकाळची गाडी धरली.

नव्या जिल्ह्यात तू कुणाला काय सांगितलंस आणि काय सांगितलं नाहीस, ते आता माझ्या ध्यानात येतं आहे. आपलं आडनाव सोयीचं, त्यात कुणीही मावतं. तू खोटं बोललास असंही नसेल, लोकांनी समजून घेतलं आणि तू समजू दिलंस. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. टाकी कुठं गेली असं ती विचारते, तिला सांगितलं की तोटी बदलायला नेली.

बावीसला ये. आहेर नको, टाकी नको. सकाळी नऊपर्यंत ये आणि पोरीच्या मागं उभा राहा. बाकीचं मी विसरायला तयार आहे.

अक्का


लोहा
२७ मे १९८८

रामकिशन,

तू आला नाहीस. तुझं पत्र मात्र एकवीसला बरोबर पोहोचलं, नवरीला हळद लागत होती तेव्हा.

तुझा घरमालक हाच ईश्वरप्पाचा मेव्हणा, हे मला कुठून कळावं? तू कधी सांगितलं होतंस? महिनाअखेर घर रिकामं करा असं त्यानं तुला सांगितलं, कारण दिलं नाही, पुतण्याला राहायला हवं आहे म्हणाला. वाचून मला वाईट वाटलं. ते लपवत नाही. लातूरला बदली झाल्यावर आधी तीन ठिकाणी तुझं नाव-गाव विचारून दारं लागली, आणि चौथ्या ठिकाणी कुणी विचारलं नाही म्हणून तू गप्प राहिलास, हे तू पहिल्यांदाच मला सांगतो आहेस. तेव्हाच सांगितलं असतंस तर मी बस्ता बांधायला लातूरला पाऊल टाकलं नसतं. नांदेडला गेले असते, आणि तुझं घरही राहिलं असतं.

पण तू पुढं लिहितोस, 'एका पत्र्याच्या टाकीसाठी तू माझी अब्रू बाजारात नेलीस.' हे मात्र मी ऐकून घेणार नाही. टाकी माझ्या घरात होती, रामकिशन. टाकीच हवी असती तर मी ती भरून ठेवली असती. आणि तुझी अब्रू म्हणजे काय, तर आम्ही नसणं. आई नसणं, दादा नसणं, पंचशीलाचं लग्न नसणं. ईश्वरप्पा परका माणूस, त्यानं माझ्या लेकीच्या लग्नाला कार्यक्रम म्हटलं, त्याचं मला सोसेल. तू तर तो कार्यक्रमसुद्धा दुसऱ्याच्या घरचा करून टाकलास.

लग्न झालं, ते सांगते. टँकर एकवीसला आलाच नाही. आम्ही उरलेल्या पत्रिकांवर हातानं लिहिलं होतं, 'येताना पिण्याचे पाणी आणावे', आणि बाकीच्यांना तोंडी निरोप धाडले. लोकांनी आणलं. कळशा, डबे, रॉकेलचे धुतलेले कॅन. एका पाहुण्यानं सायकलला दोन्हीकडं घागरी बांधून आणल्या. आहेर कमी आणि पाणी जास्त असं ते लग्न झालं. पाणी पुरलं, वर आचाऱ्यानं थोडं चोरलंही. तेव्हा त्या टाकीवाचून माझं काही अडलं नाही.

अडलं ते दुसरीकडं. पोरगी पांढऱ्या साडीत उभी होती. बौद्धाचार्यांनी माइकवरून हाक दिली, 'मुलीच्या मामांनी पुढं यावं.' कुणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा हाक दिली, या वेळी पत्रिका बघून, तुझ्या नावानं. सगळे माना वळवून दाराकडं बघायला लागले. नवरदेवाकडची अहमदपूरची मंडळी एकमेकांत कुजबुजली. मग आई उठली. टाकीचं आणि दुकानाचं तिला आदल्या दिवशी तुझ्या पत्रावरून कळलं होतं, मीच वाचून दाखवलं, ती सोडेना. काठी टेकत गेली आणि नातीच्या मागं उभी राहिली. म्हणाली, 'मामा न्हाई तर मामाची माय हाय. चालू द्या.' आणि लग्न लागलं.

तुझ्यावर माझा राग आहे. तो आज-उद्या जाईल असं मला वाटत नाही. तरी राहायला दुसरं घर मिळालं का ते कळव, लेकरं लहान आहेत.

सुमन


लोहा
२० जून १९८८

रामकिशन,

तुझं पत्र आणि त्यासोबतचा टाइप केलेला कागद मिळाला. महिनाभरानं आलेल्या पत्रात पंचशीला कशी आहे एवढं एक वाक्य मी शोधत होते. तिचा उल्लेख फक्त त्या कागदात सापडला.

तू लिहितोस की महिनाअखेर उलटली तरी घरमालक अजून मऊ आहे. बाई टाकीच्या रागानं खोटं बोलली, आपला तिच्याशी संबंध नाही, असं तू त्याला आणि ईश्वरप्पाला सांगितलं आहेस. तसं तिच्याकडून लिहून आणा म्हणजे घर राहील, असं तो म्हणाला. लेकरांच्या शाळा आहेत, कचेरीतही कुजबुज सुरू झाली आहे, अक्का, एवढं कर, पुन्हा काही मागणार नाही. आणि आईचाही अंगठा घे.

दोन दिवस मी कागद तसाच ठेवला. पहिल्या दिवशी फाडून तुला परत पाठवणार होते. भावजी म्हणाले, 'दे त्याला लिहून. मागितलेलं दिलं नाही असं नको.' त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हा माणूस दुष्काळात दोन बैल विकताना रडला नव्हता.

आईला वाचून दाखवलं. तिनं कागद माझ्याकडं सरकवला. मग म्हणाली, 'माजा आंगठा पोस्टानं मिळणार न्हाई म्हणून लिव. माज्याकडून लिवून घ्याचं आसंल तर त्याला सवता यावं लागंल. म्होरं बसावं, अन् माज्या तोंडाकडं बगून म्हणावं, तू माजी माय न्हाईस. मंग देते.' तेव्हा आईचा अंगठा नाही. तुला हवाच असेल तर लोह्याला सहा गाड्या येतात.

माझं मी देते. तुझा टाइप केलेला मजकूर मी वापरलेला नाही. त्यात 'अडाणीपणामुळे' असा शब्द आहे आणि 'कार्यक्रम' असाही. मला लिहिता येतं, माझं मी लिहिलं आहे. तुझ्या नावातून दादांचं नाव काढलं आहे, ते असल्या कागदावर नको. तू साक्षीदार मागितलास. पंचशीला माहेरी आली होती, तिला म्हटलं, तू नको, शेजारचं कुणी बघू. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं.

यापुढं कार्ड टाकलंस तरी चालेल. उत्तर येणार नाही.

*

लिहून देणार : सौ. सुमन व्यंकटी वाघमारे, सहशिक्षिका, राहणार लोहा.

लिहून देते की, श्री. रामकिशन सूर्यवंशी, कलेक्टर कचेरी, लातूर, हे माझे कोणीही नाहीत. माझी मुलगी पंचशीला हिचे लग्न रविवार, दिनांक २२ मे १९८८ रोजी लोहा येथे झाले. त्या लग्नात या नावाचे कोणीही गृहस्थ मामा म्हणून हजर नव्हते. हे मी कोणाच्या दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहून दिले आहे. ज्यांना दाखवायचे त्यांना दाखवावे.

सही : सुमन व्यं. वाघमारे

साक्षीदार : सौ. पंचशीला, राहणार अहमदपूर. वरील मजकूर मी वाचला. तो खरा आहे.